हवालदारापुढे झालेलं माझं कौतुक

मिरजगाव, ९ जुलै १९९६

घरबसल्या भाषांतरं करणाऱ्या बांधवांनो, सरकार आपलं काम पाहण्याआधी आपली पोलीस चौकशी करतं. रोजनिशीच्या वहीतही माझं भाषणच सुरू झालं.

सरकारी भाषांतराच्या कामाला चारित्र्य पडताळणी लागते. त्यासाठी आज हवालदार आला, तेव्हा मी कर्जतला होतो. शेजारच्या तात्यांनीच त्याला चहा पाजला आणि अभिमानानं सांगितलं, "लई वाघ मानूस हाय. कचेरीवरचा एकबी मोर्चा चुकवत न्हाई."

"असं का?" म्हणत हवालदारानं दुसरा चहा मागितला म्हणे.

"तुजं काम झालंच समज," तात्या मला खुशीत म्हणाले.

सभा गाजवणारा मी, त्यांना नुसतं "बरं" म्हणून घरी आलो. तो दुसरा चहा डोक्यातून जात नाही.

तात्या, हवालदार परत आला तर एवढंच सांगा, हा घरीच असतो आणि फारसं बोलत नाही.