मेपलखालचा गोग्रास

शनिवार, ३ डिसेंबर २००५. संध्याकाळी साडेसहा. हात दोनदा धुतले, मग लिहायला बसलो.

काकांच्या दुकानात शिकारी हरणांची नोंद करायला येतात. मेलेल्या हरणाच्या कानाला पट्टी मी अडकवतो. यंदा बहुतेक जण रिकाम्या हातांनी येतात, कॉफी पिऊन जातात; आज एकच पट्टी अडकवली.

म्हातारा डेल म्हणाला, "रान ओस पडलंय. हरणं तुमच्या डब्लिनला राहायला गेली की काय?" डब्लिन म्हणजे आमचं अपार्टमेंट आहे ते इथलंच उपनगर. सगळे हसले. मला हसू येईना.

काकू रोज गोग्रास काढते. इथे गाय कुठली? म्हणून अपार्टमेंटमागे मेपलखाली ठेवते. आधी एक हरिणी यायची. आता धुक्यातून कळपच येतो, झाडंच चालत आल्यासारखा.

मागचं शेत डेलच्या मेव्हण्याचं. डेलला सांगितलं तर उद्या, शिकारीच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी, तो बंदूक घेऊन तिथे बसेल. नाही सांगितलं तर हिवाळाभर त्याचा मांसाचा फ्रीजर रिकामा.

काकूला म्हटलं, "घास ठेवू नकोस."

"का रे? तूही पंधरा दिवसांसाठीच आला होतास ना? कुणी हाकललं का तुला?"

शेवटी घास मीच ठेवला. हरिणी अगदी जवळ आली. तिचे कान सारखे हलत होते. कान इतके हलतात, हे मला माहीतच नव्हतं.

डेलला नाही सांगणार.