बारा पावलांवरची पेन्शन

२ जून, सकाळी
रुग्णालयाच्या रेकॉर्डरूममधील एका कनिष्ठ लेखनिकेने रोजनिशी लिहावी हा आगाऊपणाच आहे. त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. कोणाची, हे ठाऊक नाही. कारण ही वही कोणी वाचायची नाही. तरीही आरंभ नम्रतेने झालेला बरा.

प्रयोजन असे: रुग्णालयाने कर्मचाऱ्यांसाठी पेन्शन योजना काढली आहे. दरमहा पगारातून आपण जेवढे घालू, तेवढेच रुग्णालय घालणार. अर्जाची मुदत तीस जून, सायंकाळी पाच. त्यानंतर तीन वर्षे दार बंद. माझे वय तेवीस. निवृत्तीला अवघी सदतीस वर्षे उरली आहेत. संकल्प: चौसष्ट पानी नियमपुस्तिका पूर्ण वाचून, टिपणे काढून, मगच अर्ज पाठवणे. दहावीला केंद्रात पहिली आलेली मुलगी अभ्यासाविना परीक्षेला बसत नसते.

३ जून
केसपेपरांची ट्रॉली ढकलणाऱ्या मावशींनी आजच अर्ज भरला. पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. अर्ज ट्रॉलीवर ठेवून म्हणाल्या, "बाळ, सही कुठं करायची तेवढं दाखव." मी नियम क्रमांक चार समजावू लागले, तोवर सही करून मोकळ्या! भविष्याशी इतका सैल व्यवहार पाहून वीट आला.

खरी किळस पुढेच. हिशेबनिसांचे टेबल माझ्या टेबलापासून बारा पावलांवर. त्यांनी अर्ज घेतला, बोट जिभेला लावले, पान उलटले. पुन्हा जीभ, पुन्हा पान. तीन पाने, तीन वेळा. मग त्याच बोटाने कान कोरला. माझे म्हातारपण त्या बोटाखालून जाणार नाही! पुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर ईमेलची सोय दिली आहे. ईमेलनेच पाठवीन. त्यामुळे त्यांच्याशी बोलावे लागणार नाही, हा मुद्दा अगदीच गौण.

७ जून
आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. एकोणीस वर्षे, उभ्याने. आज गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून म्हणाली, "गुडघे आता उलट बोलायला लागलेत गं. पगार झाला की एक उंच स्टूल आणशील? मालक म्हणतो, स्वतःचं आणा आणि खुशाल बसा."

मी तिला माझा आराखडा दाखवला. निवृत्तीनंतरच्या घरात पूर्वेच्या खिडकीशी हातांची खुर्ची, पायांखाली उशी, शेजारी दिवा. सगळे तिच्यासाठी. आत्ताच स्टुलावर पैसे घातले, तर बचतीच्या पहिल्याच महिन्याला खिंडार पडेल.

तिने नीट ऐकून विचारले, "तेव्हा मी केवढी असेन?"
हिशेब केला. चौऱ्याऐंशी.
"बरं," म्हणाली, "तोवर उभी राहते."
आईला दीर्घकालीन विचार जमत नाही.

१४ जून
पुस्तिका: एकतीस पाने.
निवृत्तीनंतरचे वेळापत्रक तयार. साडेपाचला उठणे. सहा ते आठ वाचन. आठ दहाला आईचा चहा. रंगीत पेन्सिलींनी रेघा आखल्या. फार देखणे झाले आहे.

आमचे निवृत्त प्रमुख आज पुन्हा येऊन बसले. दर मंगळवारी येतात. बिस्कीट चहात बुडवतात, ते तळाशी जाते, मग ते बोट घालून बाहेर काढतात. पाहवत नाही. निवृत्तीच्या पहिल्या दिवशी म्हणे डबा भरून घेतला आणि दुपारी एक वाजता घरातल्याच गॅलरीत बसून खाल्ला. मला म्हणाले, "पोरी, आधी नाव घालून टाक. वाचत काय, जन्मभर बसशील." तळहातावर बिस्किटाचा लगदा असलेल्या माणसाने सल्ला देऊ नये.

२१ जून
अर्ज आधी कच्चा, मग पक्का. पक्क्यात खाडाखोड झाली, म्हणून दुसरा पक्का. त्यावर घामाचे बोट उमटले. आज पाचवा. वारसाच्या रकान्यात आईचे नाव लिहिताना अक्षर फार सुरेख आले. सोबत एक पत्र जोडावे म्हणते. अनोळखी कचेरीला नुसता अर्ज धाडणे उद्धटपणाचे दिसते.

२५ जून
दूरदृष्टीचे उदाहरण म्हणून मावशींना स्टुलाची गोष्ट सांगितली. त्यांनी ट्रॉली थांबवली. माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मुळीच आवडले नाही.

२७ जून
घरी आले तर दारात स्टूल! आमच्याच रेकॉर्डरूममधले, भंगारात काढलेले. मावशींनी परवानगी घेतली आणि रिकाम्या ट्रॉलीवरून आमच्या घरापर्यंत ढकलत आणले. एका पायाला प्लास्टरची पट्टी गुंडाळलेली. बैठकीवर कोणा अज्ञाताचे च्युइंगगम. अशी वस्तू घरात घेण्याची कल्पनाच ओंगळ.

आई चाकूने च्युइंगगम खरवडत होती आणि गुणगुणत होती.

२९ जून
आई म्हणते, आज अठरा सदरे बसून झाले. बादली काढलीच नाही. "तुझी ती मावशी भली बाई आहे हो. एकदा जेवायला आण."
मी म्हटले, माझ्या आराखड्यातली खुर्ची याहून कितीतरी चांगली आहे.
"असेल की," आई म्हणाली, आणि झोपायला गेली.

३० जून
साडेचार. पुस्तिका संपली. अर्ज (आठवा, निष्कलंक) संगणकावर चढला. केवळ पत्राचे पहिले वाक्य उरले होते. आपल्यासारख्या मोठ्या कचेरीस लिहिण्याचे धाडस केल्याबद्दल क्षमा कोठवर मागावी, हे ठरेना.

पावणेपाचला हिशेबनीस उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अहो रेकॉर्डवाल्या ताई, तुमचा एकटीचाच राहिलाय! आणा इकडं, शिक्का मारतो. मी थांबलोय."
बारा पावले. सगळे वळून पाहू लागले. मी खणात वाकून रबरबँड शोधू लागले. त्यांचा आवाज थांबेपर्यंत शोधत राहिले.
मावशी जवळ येऊन कुजबुजल्या, "अगं दे इकडं, मी नेऊन देते."
मी म्हटले, "पत्र व्हायचंय अजून."

पाचला हिशेबनिसांनी बोट जिभेला लावले, रजिस्टरचे शेवटचे पान उलटले आणि ते मिटले. त्या बोटाची मला आज किळस आली नाही. दुसऱ्याच कोणाची तरी आली. तिचे नाव लिहीत नाही.

मग वाक्य सुचले. पण आता उशिराबद्दलही क्षमा मागणे क्रमप्राप्त होते, म्हणून पत्र पुन्हा लिहिले. तीन वर्षांनी दार उघडेल तेव्हा आई पन्नास वर्षांची असेल. स्टूल तोवर टिकेल, असे मावशी म्हणतात.

पाठवले: ३० जून, सायंकाळी ५ वाजून ११ मिनिटे.