कास्परला कायदा कळत नाही

वडीलधाऱ्या गुंडुला मावशीस, भाचा डेटलेफचा वाकून नमस्कार. तुझा रक्तदाब, तुझ्या कोंबड्या आणि तुझी शेजारीण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. माझी तर झोपच उडाली आहे.

गांजा कायदेशीर झाला, हे तुला ठाऊकच. माणूस खिशात पंचवीस ग्रॅम घेऊन राजरोस फिरतो आणि आम्ही पोलीस त्याला नमस्कार करतो. आमचं त्यासाठी शिबिरही झालं (कॉफी पाणचट, केक बरा). पण माझ्या पोलीसकुत्र्याला, कास्परला, कोण शिकवणार? इतकी वर्षं त्याला एकच धडा दिला: गांजाचा वास आला की त्या माणसापुढे बसायचं. कुत्रा शिकलेलं विसरत नाही (माणसाचं नेमकं उलटं).

शनिवारी नेमबाज मंडळाच्या जत्रेत आमचा बंदोबस्त होता. कास्पर आत शिरला आणि बसतच सुटला. आधी बेकरीवाल्या ब्रिंकमनपुढे. पूर्वी असा माणूस पांढराफटक पडायचा, हा म्हणाला, "वा रे पठ्ठ्या, नाक अजून शाबूत आहे!" आणि वर सॉसेज भरवलं. मग काय, लोक आपणहून खिसे पुढे करायला लागले. मी पट्टा ओढतोय, घाम पुसतोय, आणि लोक टाळ्या पिटताहेत. तेवढ्यात कास्परने मला मंचावर ओढत नेलं आणि भाषण करणाऱ्या आमच्या नव्या ठाणेप्रमुख ल्यूडर्सबाईंपुढे बैठक मारली. माईक चालू होता.

"डेटलेफ, ते माझ्या पाठदुखीसाठी आहे," बाई म्हणाल्या. "याला सांगा, कायदा बदललाय."

"बाई, याला वास कळतो, कायदा नाही," माझ्या तोंडून गेलं. तेही माईकवरूनच.

सोमवारी कास्पर निवृत्त झाला. आता नवं पिल्लू येणार, त्याला गांजा सोडून बाकी सगळं शिकवणार. हा मात्र रोज सकाळी पट्टा तोंडात धरून दाराशी उभा, आणि मी त्याची नजर चुकवत गणवेश चढवतो. बघवत नाही गं मावशी. त्यात दिवसभर तो शेजाऱ्यांच्या कुंपणाशी बसून असतो; बायको, आंके, म्हणते, गल्लीत आपल्याशी कुणी बोलेनासं झालंय.

तुझा,
डेटलेफ

ता. क. तुझं शेत मोठं, माणसांची वर्दळ कमी. रविवारी कास्परला घेऊन येतो. नाही म्हणू नकोस; नवी नेमणूक झाली असं त्याला सांगून बसलोय.

आणखी ता. क. माझ्या गुडघ्यासाठी तू पाठवलेल्या मलमाच्या डबीपुढे तो काल संध्याकाळभर बसून होता. घरी लावलेलं झाड आपल्यापुरतं ठेवावं, दुसऱ्याला देणं अजूनही गुन्हा आहे, हे पोलीस म्हणून तुला बजावणं माझं कर्तव्य. गुडघा मात्र झकास आहे. रविवारी दुसरी डबी टेबलावर विसर, म्हणजे मी ती चुकून उचलीन.