दुधाच्या कॅनवरचा हात

प्रिय आण्णा,

आज आपल्या दूध संस्थेत तुमचा फोटो लागला. म्हणजे धड तुमचं, डोकं चेअरमनच्या वडिलांचं. हे काम माझ्याच हातून झालंय, म्हणून दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच लिहितो.

तुम्ही देवाघरी गेल्यावर मी राहुरीत फोटो स्टुडिओत लागलो. शाळा नववीलाच सुटली, पण कॉम्प्युटरवर जुने फोटो दुरुस्त करायला शिकलो. चिरा बुजवतो, डाग काढतो, मिटलेले डोळे उघडतो. मागच्या आठवड्यात चेअरमन एक फोटो घेऊन आले. संस्थेचा पहिला दिवस, दुधाचा पहिला कॅन आणि त्यावर हात ठेवून उभे तुम्ही. सोबत त्यांच्या वडिलांचा पासपोर्ट फोटो.

"ह्या धडावर आमच्या दादांचं तोंड बसव."

"पण हे आमचे आण्णा आहेत, माझे वडील."

"म्हायती हाय की. पर आता कोन वळखतंय त्यांना? आन् तुझ्याइतकं बारीक काम दुसऱ्या कुनाला जमतंय का?"

त्या दिवशी त्यांचे दादा कुठे होते, आण्णा? तुम्ही दुधासाठी घरोघर फिरत होतात, तेव्हा "ह्याच्या कॅनात कोन दूध घालतंय" म्हणून पारावर हसत बसणारे तेच ना? आणि रजिस्टरात संस्थापक म्हणून नाव लिहायची वेळ आली तेव्हा तुम्ही मागे का सरलात? "नावाचं काय घेऊन बसलास," म्हणालात. बघा, काय झालं.

मी काम नीट केलं. मानेचा रंग जुळवला, कॉलरपाशी एक ठिपका वेगळा दिसू दिला नाही. खालच्या मजकुरात दादांच्या नावाची वेलांटी चुकली होती, तीही सुधारली. चेअरमननी फोटो उजेडात धरला आणि "झ्याक" म्हणाले. त्यांनी फक्त तोंड पाहिलं.

कॅनवरचा तुमचा उजवा हात मी तसाच ठेवला होता. कडबाकुट्टीत दोन बोटं गेलेला. दुसऱ्या कुणाची बोटं उचलून तिथे लावायला मला पाच मिनिटं पुरली असती. जन्मभर तुम्ही तो हात सदऱ्याच्या खिशात लपवलात. माफ करा, मी तो साऱ्या गावापुढे ठेवला.

आज सकाळी संस्थेत फोटोवरचा पडदा सरकला. पुढे बसलेली सरूआत्या उठून फोटोजवळ गेली.

"आगं बया, दादांची बोटं कधी तुटली?"

मागून कुणीतरी म्हणालं, "दादांची न्हाईत, आत्या. ह्यो आण्णाचा हात हाय."

मग हसू पसरलं. चेअरमन हातात हार घेऊन तिथेच उभे. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

दुपारी स्टुडिओत त्यांचा फोन आला. "उद्याच्याला दुरुस्त करून आन, न्हाईतर नोकरी गेली समज." स्टुडिओचे मालक त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत.

दुरुस्त करीन, आण्णा, शब्द देतो. मूळ फोटो मी कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलाय. बोटं आहेत तशीच राहतील. डोकं बदलीन, आणि खाली तुमचं पूर्ण नाव लिहीन.

तुमचा,
संजय