दाराशी लिहिलेला पासवर्ड

४ नोव्हेंबर
आज सकाळी मंगला गौरीचं दर्शन घेऊन आलो आणि पहिलं काम केलं ते हे: वसतिगृहाच्या दाराशी फळ्यावर खडूने वायफायचा पासवर्ड लिहिला. आमच्या गावी पाणपोईला कुलूप नसे. इथे वर विद्यार्थी राहतात, खाली अस्थी घेऊन आलेली आपली माणसं. दुःखातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? संगणक शिकणारा शार्दूल हसला. म्हणाला, श्रीनिवासकाका, तुम्ही तर अन्नछत्रच उघडलंत. पण कोण कुणाच्या ताटात हात घालतंय हे कळायचं नाही. पाहुण्यांना वेगळं नेटवर्क द्या. बघू, म्हटलं. वसतिगृह सांभाळायची नवी नोकरी, स्वच्छ खोली, खिडकीतून गंगा. मन प्रसन्न आहे.

६ नोव्हेंबर
खालच्या खोलीत साताऱ्याच्या अंबिकाबाई उतरल्या आहेत. दिवंगत पती रत्नाकर यांचा फोन त्यांनी आपल्या वायफायला जोडला, लेकीला विधी दाखवायला. मणिकर्णिकेसमोर नावेतून अस्थी सोडल्या, मागोमाग तो फोनही. त्यांचा फार लाडका होता म्हणे.

८ नोव्हेंबर
जोडलेल्या फोनांची यादी शार्दूलने दाखवली. रत्नाकर यांचा फोन त्यात अजून आहे. चालू. कुणीतरी त्यांचं नाव घेऊन आत शिरलंय, आजच पासवर्ड बदला, असं तो म्हणाला. बदलणारच होतो. तेवढ्यात अंबिकाबाई स्वतःचा फोन घेऊन आल्या, डोळे भरलेले. ह्यांचा निरोप आलाय म्हणाल्या: आज तरी जेवलीस का? कित्येक दिवसांनी त्या पोटभर जेवल्या. मी पासवर्ड तसाच ठेवला.

१० नोव्हेंबर
निरोप वाढलेत: पाणी गार आहे. इथे कुणी नाही. शार्दूल चिडला — दयेपायी बाईंना कुणाच्या हवाली करताय, काका? जप करत बसलो. जपात मन लागलं नाही. अपराधी तर मीच —

११ नोव्हेंबर
आजचा निरोप: मुन्शी घाटावर ये. शेवटची पायरीही उतर. बाई लग्नातला शालू नेसून निघाल्या. शार्दूलने गल्लीतच अडवलं. घाटापर्यंत पोचल्याही नव्हत्या. तरी शालू गुडघ्यापर्यंत ओला — गाळ —

१२ नोव्हेंबर
फळा पुसला. पासवर्ड बदलला. यादीतून ते नाव गेलं. अंबिकाबाई दार ठोठावताहेत. ते लिहीत होते हो, वाक्य अर्धंच राहिलं, पुन्हा जोडा, म्हणताहेत. मी कडी काढली नाही. बाई वाचल्या. पण ते खरंच तेच असतील, तर त्यांना मीच दुसऱ्यांदा —