लाल टिंबांचा अर्थ

अकोला, शुक्रवार, डिसेंबर १९६१

कपाशीच्या प्रयोगांच्या जुन्या वह्या रद्दीत काढायचं साहेबांनी जवळजवळ ठरवलंच होतं. त्यांतली लाल टिंबं कशाची, ते ऑफिसात कोणालाच माहीत नाही. म्हणून आज बार्शीटाकळीला निवृत्त रहीमचाचांकडे गेलो. वीस वर्षं नोंदी त्यांनीच ठेवल्या.

"लाल टिंब म्हंजे त्या वाफ्यात पानी साचलं होतं. तो आकडा धरू नोको."

"मंग तसं लिहून काहून नाई ठेवलं, चाचा?"

"मले कोनं इचारलंच नाई."

वीस वर्षांत कोणी विचारलं नाही, हे डोक्यातून जात नाही.

सगळ्या खुणांचे अर्थ उतरवून आणले. साहेबांनी दोनदा वाचले. वह्या राहणार. वर म्हणाले, "दोन नवे कारकून देतो, त्यांना हे काम शिकवा."

मला जमेल? जमेल. आकड्याशेजारी त्याचं कारण लिहायचं, हेच आधी शिकवीन.