४६२३९१ ला भाग जातो

बाबा, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला म्हणून शेवटचे चौदा भागाकार तुम्ही माझ्यावर सोपवलेत. तिथेच घात झाला. पणजोबा ऊसमळ्यांत मजुरी करायला या बेटावर बोटीतून उतरले तेव्हा गिरमिटाच्या, म्हणजे मजुरीच्या कराराच्या, कागदावर मिळालेला त्यांचा क्रमांक, ४६२३९१, आपल्या घरी देव्हाऱ्यात असायचा. शपथ घ्यायची तर त्याचीच. तुमचे धाकटे भाऊ, काका, घराची आणि जमिनीची वाटणी मागत होते. "दादा, मोठा सिक्लोन आला तर हा पत्रा राहील काय? माझा भाग मला दे, मी बेतोंचं घर बांधतो." बेतों म्हणजे सिमेंट, आपल्या रोझ बेल गावात तेव्हा ज्याला जमेल तो तसंच घर बांधत होता. तुम्ही पडलात शाळामास्तर. म्हणालात, "आज्याच्या नंबराला भाग गेला तर जमिनीलाही जाईल. नाही गेला तर चूल एकच." काका कबूल झाले. त्या नंबरापुढे नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. दुसऱ्या कुठल्या घरात लोक हसले असते. आपल्याकडे काकूने कागदाला हळदकुंकू वाहिलं.

सहाशेपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी तुम्ही भागून पाहिलं होतं, दर वेळी काहीतरी उरलंच. पुढे ६७७पर्यंत गेलं की पुरे, वर्गमूळ तिथेच संपतं. मी स्वयंपाकघरात पाटी घेऊन बसलेय. तेरा भागाकार झाले. आता ६७७. सहाशे वेळा जातो, ऐंशी वेळा जातो, खाली राहतात २०३१. तिनाने गुणते. २०३१. खाली शून्य. ओसरीवर तुम्ही दोघे वाट बघताय. काकांच्या वाट्याला मागची खोली जाणार, आणि मी अभ्यास करते तीच ती खोली. मी पाटी पुसली आणि आतूनच सांगितलं, "दोन उरले."

तुम्ही आत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "हिची चूक होत नाही," म्हणालात. त्या दिवसापासून काका जेवताना वर छपराकडे बघत राहायचे. मला ते बघवत नसे, पण खोली माझी राहिली होती.

पुढच्याच उन्हाळ्यात सिक्लोन आला. भरदुपारी वारा फिरला आणि तुळईसकट छप्पर काकांवर कोसळलं. आम्ही पत्रे ओढून काढले तोवर त्यांचा श्वास थांबला होता. "नंबराचा शब्द मोडायचा नव्हता," असं तुम्ही मरेपर्यंत म्हणत राहिलात, शेवटी क्युरपिप गावातल्या त्या ओलसर खोलीतही. मी तुमचं पांघरूण सारखं करायचे आणि गप्प बसायचे. ६७७ गुणिले ६८३, बाबा. वाटणी जवळजवळ सारखीच झाली असती.

काकू आता गुडलँड्सला मुलाकडे असते. गेल्या महिन्यात तिने विचारलं, "त्या दिवशी किती उरलेले गो?" मी म्हटलं, दोन. हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं. पण ती वाचेल, म्हणून तुम्हाला लिहिलं.